काकींच्या ओसरीवर राहिलेलं गाठोडं

चरिकोट,
४ मंसिर २०८०

चि. कांछी हिला बाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. दशैंचा सण गेला, तिहारचे दिवेही गेले. टिळा लावायला तुझं कपाळ समोर नव्हतं, म्हणून जवाचे अंकुर कागदात बांधून ठेवले. ते आता वाळलेत, तसेच पाठवतो आहे. म्हशीला पारडू झालं. माझा गुडघा दुखतो, पण ते जुनंच.

शेजारच्या माइली काकींचा जावई नेत्रबहादुर शनिवारी कोरियाला, तुझ्याच सोलला निघालाय. विमानाला किती वेळ लागतो ते मी त्याला तीनदा विचारलं. म्हणाला, चार हजार किलोमीटर, साडेसहा तास. इथून काठमांडूची बसच जवळजवळ तेवढा वेळ खाते, म्हणून जरा बरं वाटलं. पण परत येताना तासभर जास्त लागतो, वारा समोरून असतो, असंही तो म्हणाला. तेव्हापासून मनाला चैन नाही. जायला सोपी आणि यायला अवघड, अशी कसली ही वाट?

तू परवा फोन केलास तेव्हा मी गोठ्यात नव्हतो. दारामागेच उभा होतो. काकींना तसं सांगायला मीच लावलं होतं. त्या म्हणाल्या, "दाजू, महिना झाला, म्हशीलाही आता तुमचा कंटाळा आला असेल."

दशैंच्या फोनवर तू सांगितलंस, कारखान्यात मशीनमध्ये दोन बोटं सापडली, आता बरी आहेत. आणि हसून म्हणालीस, "बा, माझं प्रस्थानाचं गाठोडं काकींच्या ओसरीवरच राहिलं ना, म्हणून झालं असेल." तू थट्टेत म्हणालीस. मी फोन काकींच्या हातात दिला, तो पुन्हा घेतलाच नाही.

कांछी, ते गाठोडं मी विसरलो नव्हतो.

फागुनात तुझं तिकीट शनिवारचं होतं आणि जोशीबुवांनी मुहूर्त दिला बुधवारचा, म्हणून तू मुहूर्तावरच निघालीस असं धरायला बुधवारीच आपण ते काकींकडे नेऊन ठेवलं. शनिवारी "तू हो पुढे, मी घेऊन येतो" म्हणून मी ओसरीपर्यंत गेलो. चाळीस पावलं. गाठीला हात घातला आणि तसाच सोडला. वाटलं, प्रस्थान उचललंच नाही तर पोरीचं जाणं मोडेल, चार दिवसांत परत येईल. तुझी आई गेल्यावर घरात दुसरा आवाज होता कुणाचा? बसपाशी म्हणालो, घाईत राहिलं. तू एवढंच म्हणालीस, "बा, आईची शाल होती त्यात." मग बस सुटली.

तू काही परत आली नाहीस. अपशकुन मात्र तुझ्यामागे गेला. जोशीबुवा म्हणतात, असं काही नसतं. काकी म्हणतात, मशीनला गाठोडं काय ठाऊक. पण मला घास उतरत नाही.

आज चांगली वेळ पाहून मीच ते उचलून आणलं. शालीला ऊन दाखवलं, पुन्हा घडी घातली. हे पत्र त्या घडीतच ठेवतो. शनिवारी बसपर्यंत मी नेणार, नेत्रबहादुरच्या हाती देणार. मग साडेसहा तासांत तुझं निघणं एकदाचं पुरं होईल. मी मोडायला गेलो होतो, आता मीच पुरं करतो. हवं तेवढं रागाव, पण सुखरूप राहा.

फोन यापुढे मी उचलेन. पण आधी दोन ओळी लिहून पाठव, आणि त्याच हाताने लिही. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. बोटं चालताहेत एवढं मला दिसू दे. लवकर पाठव, पोरी.

ओसरीपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने आलेला,
तुझा बा