दोन वाटांनी आलेला ताप

पुणे,
१२ सप्टेंबर २००९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू उचलतोस, पण बोलत नाहीस. गाडीचं इंजिन ऐकू येतं, तू नाही. म्हणून लिहिते आहे.

आईने सांगितलं की गावातल्या पोरांनी शेजारच्या सकुकाकीच्या घरावरची कौलं उतरवली आणि ती शहापूरला भावाकडे निघून गेली. पारूवहिनी तापाने गेली नाही, सकुकाकीने तिला खाल्लं, असं गाव म्हणतं. तू त्यावर हो म्हणाला नाहीस, नाही पण म्हणाला नाहीस.

दादा, वहिनीला स्वाइन फ्लू होता. कल्याणच्या डॉक्टरांनी तिच्या घशातला नमुना घेतला, तसे नमुने आमच्या प्रयोगशाळेत येतात. माझं काम काय ते तू नेहमी विचारायचास, आणि मी सांगायला लागले की जांभई द्यायचास. आता नीट वाच. विषाणू म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. एका माणसातून दुसऱ्यात जाताना तो स्वतःला उतरवत जातो, आणि उतरवताना मधूनच एखादं अक्षर चुकतं. तू सातवीत विपुलच्या पेपरवरून गणितं उतरवलीस, तेव्हा दोघांची चूक एकाच जागी आली आणि गुरुजींनी बरोबर ओळखलं. आम्ही तेच करतो. कुणाची चूक कुणाशी जुळते ते पाहतो.

घरातली पहिली पदवी माझी, आणि ती या वेळी उपयोगी पडली नाही तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही. आईला जेवायला लाव. तूही जेव.

माझ्यावर रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
रुचिता

*

उंबरवाडी, ता. मुरबाड
१६ सप्टेंबर

चि. रुचितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. पेपरची गोष्ट आली तशी ती हसली, मग पदर तोंडात धरून बसली.

तू गौरीला आली नव्हतीस, म्हणून तुला सोपं वाटतं. पारूला सातवा चालू होता. सकुकाकी रोज यायची, तिचे पाय चेपायची. खोकला आधी काकीलाच होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग पारूला ताप भरला. काकीनं मीठ-मिरच्यांनी तिची दृष्ट काढली, पार तोंडाशी तोंड नेऊन. मिरच्या चुलीत टाकल्या तर ठसका उठला नाय. काकीच म्हणली की नजर जबर आहे, एका खेपेत उतरायची नाय. आमी पण मान डोलावली. दुसऱ्या दिवशी परत काढली, तिसऱ्या दिवशी परत. कल्याणला नेलं तवर पारूचे ओठ निळे झाले होते.

आता सगळे म्हणतात, नजर किती जबर ते हिलाच कसं ठाऊक? मी काय बोलू? घरात शिरलो की पारू मागच्या पडवीत भात पाखडते असं वाटतं. सुपाचा आवाज येतो गो. जाऊन बघतो तर कुणी नसतं.

दसऱ्याला गावकी बसणार आहे. बायको माझी गेली, म्हणून शब्द माझा घेणार. मी हो म्हणलो की काकी गावाला कायमची तुटली. तुझी अक्षरं एवढी हुशार असतील तर तपास आणि सांग. तिनं पारूला ताप दिला का नाय, एवढंच.

जपून राहा. तोंडाला फडकं बांध.

दीपेश

*

पुणे,
२४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी शहापूरला जाऊन आले. सकुकाकीच्या नमुन्याबद्दल तुला सांगायचं तर तिची परवानगी हवी, असं आमच्या मॅडम म्हणाल्या. विपुलने त्याची फोनवरच दिली. काकी भावाच्या गोठ्याशेजारी खाट टाकून राहते. म्हणाली, सांग गो, माझं काय झाकायचं राहिलंय? मग खालच्या आवाजात विचारलं की पारूला शेवटी फार त्रास झाला का.

दादा, तिने वहिनीला दिला नाही. गावातल्या ज्या आजारी माणसांचे नमुने नंतर आरोग्यखात्याने घेतले, त्यांत काकीचा आणि विपुलचा जुळतो. दोघांच्या चुका कल्याणकडच्या आहेत. विपुल कल्याणहून गणपतीला आला, काकी त्याच्या घरी मोदक वळायला गेली होती. वहिनीचा विषाणू वेगळा आहे. त्याच्या चुका जुळतात त्या घाटावरच्या ओतूर-आळेफाट्याकडच्या नमुन्यांशी. गावात ताप दोन वाटांनी आला.

कुणी कुणाला दिला हे अक्षरं छातीठोक सांगत नाहीत. कुणी दिला नाही, हे मात्र सांगतात. गावकीत एवढंच सांग. पुढचं मला विचारू नकोस.

ते अक्षरांचं भेंडोळं पडद्यावर सरकत होतं आणि मी वाचत होते. वहिनीने मला कधी पत्र लिहिलं नाही. तिच्याकडून आलेलं मी वाचलेलं हेच पहिलं. शेजारच्या मुलीने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

तुझ्या मनात माझी जागा राहू दे, एवढीच विनंती.

रुचिता

*

उंबरवाडी,
३ ऑक्टोबर

चि. रुचितास,
अनेक आशीर्वाद.

तू शहाणी, नाव लिहिलं नाहीस. पण श्रावण-भादव्यात या गावातून माळशेज चढणारी गाडी एकच आहे. आळेफाट्याला टोमॅटो भरायला मीच जातो. गणपतीआधीच्या खेपेवरून आलो तर अंग मोडून आलं होतं. पारूनं काढा केला. मी अर्धा प्यालो, उरलेला वाया नको म्हणून माझ्याच पेल्यातून ती प्याली. दोन दिवसांत मी बरा झालो आणि विसरलो. घशातलं घ्यायला माणसं आली तेव्हा मी परत घाटात होतो.

गावकीत उभा राहिलो. आधी म्हणलो, काकीनं दिला नाय. गावकीचा पुढारी महादू, त्यानं विचारलं, मग कोणी? मी म्हणलो, मी. पेल्याचं पण सांगितलं. मला वाटलं, पटलं. मग महादू उठला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि लोकांना म्हणला, बघा, पोराच्या तोंडातून काय वदवून घेतलं हिनं. शहापुरात बसून.

माझा शब्द घेणार होते ना? घेतला नाय. तिची कौलं परत चढवायची नाय असं ठरलं.

मग मी गाडी काढून शहापूरला गेलो आणि काकीला आपल्या घरी आणली. आईनं मधल्या खोलीत तिचं अंथरूण घातलं. पेल्याचं कळल्यापासून आई माझ्याशी बोलत नाय. लोक आता आपल्या दारावरून जात नाय, खालच्या बांधानं फिरून जातात.

पेल्याचं मी काकीला पण सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाय. म्हणली, तिनं तो पेला आपल्या हातानं उचलला होता ना? मग जेव.

रोज सकाळी ती गाठोडं बांधते आणि विचारते, दीपू, मी जाऊ का रे? मी नाय म्हणतो. गाठोडं ती सोडत नाय, तसंच उशाला ठेवते.

दिवाळीला ये. बहीण म्हणून ये, तपासायला नको. आमच्यावर जीव आहे तुझा, तो असू दे.

तुझा दादा,
दीपेश