सव्वीस पायऱ्यांचा किल्ला आणि आपला गड

अल मनखूल, दुबई
२० नोव्हेंबर १९९८

ती. भिकाजीकाकांस,

सदानंदचा वाकून नमस्कार. आम्ही तिघं खुशाल आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? हेमावहिनींबरोबर तेलाची बाटली पाठवली आहे, ती लावा. (मागची तुम्ही बैलाला लावलीत असं कळलं.)

तनिषच्या शाळेने ‘लोकल हेरिटेज’वर प्रोजेक्ट काढला. सहावीतल्या पोराला! म्हणून गेल्या शुक्रवारी फुजैराच्या बाजूच्या एका गावातला मातीचा किल्ला बघायला गेलो. आता किल्ला म्हटल्यावर आपण काय करतो? पहाटे चारला उठलो, उर्मिलाने दशम्या बांधल्या, मी दोरखंडसुद्धा घेतला. पोचलो सातला. पायऱ्या निघाल्या सव्वीस. सात वाजून चार मिनिटांनी आम्ही वर. तनिष म्हणाला, “डॅड, इज दॅट इट?” दोरखंड मी गाडीच्या डिकीत लपवला.

तिथला राखणदार म्हातारा, पण माणूस लाख. त्याने आम्हाला कावा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, पाजली, आमच्या दशम्या खाल्ल्या आणि हिंदीत सगळं सांगितलं, खजूर कुठे साठवायचे, पहारा कुठून द्यायचे. पायथ्याच्याच घरात जन्मलेला, त्याला भिंतीतलं भोक न् भोक ठाऊक. तनिष भराभर लिहीत होता. मग म्हाताऱ्याने मला सहज विचारलं, “तुम्हारे गाँव में किला है?”

काका, माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. म्हटलं, है क्या म्हणजे! सात बुरूज, चोरदरवाजा, वर बारमाही तळं, लहानपणी दर रविवारी चढायचो. तनिषची पेन्सिल थांबली. तो माझ्याकडे असा बघायला लागला, की काय सांगू! एरवी त्याच्या लेखी मी जबल अलीच्या गोदामात फायली सांभाळणारा माणूस. खरं सांगतो, फार बरं वाटलं. म्हातारा म्हणाला, “यल्ला, चलो, बच्चे को दिखाओ.” मी ‘इन्शाल्ला’ म्हणून वेळ मारून नेली. (इथे त्याचा अर्थ ‘बघू कधीतरी’, हे सगळ्यांना कळतं. पोराला नाही कळलं.)

आता प्रोजेक्टचा दुसरा भाग ‘माय फादर्स फोर्ट’. मी काढून दिलेला नकाशा वर्गात भिंतीवर लागला आहे. डिसेंबरच्या सुट्टीची तिकिटंही काढली. बाकी सर्व ठीक.

आपला,
सदानंद

ता. क. : गडाची वाट कुठल्या बाजूने चढते, ते उलट टपाली कळवा. बावीस वर्षं पायथ्याशी राहिलो, पण वर जायचं राहूनच गेलं. तिथे पाण्याचं एखादं डबकं तरी आहे का?

ता. क. २ : उर्मिला आत्ता म्हणाली, काकांना कशाला विचारता, सासूबाई सांगायच्या की तेही पायथ्याच्या मारुतीपाशीच नारळ फोडून परत यायचे. खरं असेल तर लाजू नका. मी चार दिवस आधी एकटाच येतो, दोघं गुपचूप चढून येऊ. तेल आजपासूनच लावायला घ्या.