भ वरची रेघ

वडगाव, बेळगाव
६ जानेवारी २०२५

ति. आक्कास,

आप्पाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझ्या शेजारच्या राजकुमार अण्णांनी सांगितलेला दारू सोडणाऱ्यांचा गट सापडला. शहापुरात एका शाळेच्या मागची खोली, रविवारी सकाळी दहा वाजता. बाहेर बोर्ड नाही. तीन रविवार दारातल्या चपला बघूनच परत फिरलो. काल आत गेलो.

फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर मी खोटं बोलतो. लिहिताना एकेक शब्द तपासतो, मग खोटं लिहवत नाही.

अकरा जण होते, काही कानडी, काही मराठी. प्रत्येकाने उभं राहून आपलं नाव सांगायचं, मी दारुडा आहे म्हणायचं, बाकीच्यांनी नाव घेऊन नमस्कार करायचा. माझी पाळी आली आणि मी सौरव म्हणालो. कुठून सुचलं देव जाणे. सगळे एका आवाजात नमस्कार सौरव म्हणाले.

खरं नाव घशातून निघालं नाही. आजोबांचं आहे ना ते. त्यांच्या हातमागाखालचा, पाय सोडून बसायचा खड्डा आपण बुजवला, वर यंत्रमाग बसवला. पण लाईट जाऊन माग थांबला की खालून कुणीतरी खाकरतं. ते त्या खड्ड्यात पाय सोडूनच पिऊन मेले, आणि महिन्याने मी जन्मलो. नाव घेतलं तर उठतील असं वाटतं.

न पिता आज एकोणीस दिवस झाले. भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
आप्पा

बोरगाव
१४ जानेवारी २०२५

चि. आप्पास,

अनेक आशीर्वाद. तिळगूळ पाकिटात घालणार होते, पण पोस्टमन गोड बोलू लागेल म्हणून ठेवला. येऊन खा.

सौरव म्हणे! हे विचारत होते, मेहुणा सिनेमात निघालाय काय. राजकुमार अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनीही आधी खोटंच नाव दिलं होतं आणि महिन्यात परत प्याले. मी कारण विचारलं, तर म्हणाले, सोडली होती ती त्या दुसऱ्यानं, मी कुठं सोडलेली.

आईने सासऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, म्हणून तू पाळण्यातच आप्पा झालास. तिचं बघून आम्हीही तेच म्हणू लागलो. तिसरीत तू भ वरची रेघ पूर्ण ओढलीस आणि वहीवर मरमा झालं. मास्तर सगळ्या वर्गाला वाचून दाखवत होते, मर मा, मर मा. तेव्हापासून तू एकेक अक्षर घाबरत लिहितोस. नाव टाकून दिलंस तर तुझं म्हणून काय राहील?

आणि ते खाकरणं. लग्नाआधी मीही ऐकलंय. कुणाला बोलले नाही.

जेवत जा. मला विसरू नकोस.

तुझी,
अंजनी आक्का

वडगाव
३ फेब्रुवारी २०२५

ति. आक्कास,

सा. न. वि. वि. कसं लिहावं कळत नाही.

शुक्रवारी दुपारी लाईट गेली. खालून खाकरणं आलं, या वेळी दोनदा. मी बाहेर गेलो आणि पिऊन आलो. जाग आली तेव्हा खड्ड्याच्या जागेवरच बसलो होतो, फरशीवर पाय पसरून. आई खांदा हलवत होती. ती मला मामंजी म्हणून हाक मारत होती.

आक्का, मी ओ दिली.

आपण कुणाला हाक मारली ते तिला नंतर कळलं. पदर तोंडात धरून आत गेली. काल मी गटात जाऊन सौरवचे शेहेचाळीस दिवस झाल्याचं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वेळी हाक कुणाला येईल आणि ओ कोण देईल, याची भीती वाटते.

राग धरू नकोस.

आप्पा

वडगाव
२४ फेब्रुवारी २०२५

ति. आक्कास,

साष्टांग नमस्कार. वि. वि. काल गटात घरच्यांनाही बोलावलं होतं. आईने नवी साडी नेसली, देवाला निघाल्यासारखी. वाटेत तिला सौरवचं सांगितलं.

मी उभा राहिलो. सौरव जिभेवर होतं, खरं नाव घशात. कुणीतरी पाणी पुढे केलं. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून आई उठली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली,

“भरमा. ह्याचं नाव भरमा हाय. माझा सासरा भरमा, त्यो मेला. ह्यो न्हाय.”

पन्नास वर्षांत पहिल्यांदा. सगळे म्हणाले, नमस्कार भरमा. मग मी सांगितलं, मी भरमा, मी दारुडा आहे. शेहेचाळीस दिवस खोटे होते, तेवीस खरे आहेत. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. शेजारच्या कानडी मास्तरांनी फक्त माझा हात धरून ठेवला.

घरी आल्यावर आईने आजोबांच्या फोटोपुढे दोन्ही गालांवर मारून घेतलं आणि चहा टाकला.

आज दुपारी परत लाईट गेली. माग थांबला. खालून खाकरणं आलं. तेव्हाच आईने परसातून हाक मारली, भरमा. खालून कुणी ओ देतं का, ते आधी ऐकलं.

मग मी दिली.

अक्षराला हसू नकोस. खाली भ वरची रेघ जपून तोडली आहे, नीट बघून वाच.

तुझा धाकटा भाऊ,
भरमा