दाखवायची मेंढरं

हसनाबाद

पोरा परमेश्वरा,

तुझा फोन आल्ता. पोर्तुगालात राहायचा परवाना वाढवायचा तर खात्यावर रक्कम दिसावी लागते, अन् खोलीचं भाडं जाऊन तुझ्याकडं काही उरत न्हाई. नुसते दाखवायला पैसे पाठवा, म्हणलास.

तुझ्या आईकडचे लोक सोयरिकीसाठी आमचं घर बघायला आल्ते, तेव्हा माझ्या बापानंही हेच केल्तं. शेजारच्या गोरक्षनाथची मेंढरं आमच्या कळपात घातली. पाहुणे जेवून हात धूत होते, तितक्यात ती मेंढरं रांगेनं आपल्या वाड्याकडं निघाली. पाहुणे पोट धरून हसले, पण सोयरीक जमली.

काल बँकेत गेलो अन् बाकावर बसून तसाच माघारी आलो. म्हणलं, पैसे न्हाई पोचले तर पोरगं घरी येईल. तुझी आई गेल्यापासून मी शेळीशीच बोलतो. आज मात्र पाठवून दिले. हा कागद घरीच राहील.

काम झालं की पैसे तू बराबर माघारी धाडशील, त्याचा घोर न्हाई. मेंढराला आपला वाडा ठाऊक असतो. तुझा आता कुठला, हे फोनवर विचारायची माझी हिंमत होत न्हाई.

तुझा आबा,
इंद्रभान