बाबांचा स्वेटर

पायसांदू, जुलै

ओमार,

‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं.

फुटबॉल खेळायचास तेव्हा पेनल्टी मिळवायला छान खोटं खोटं पडायचास. प्रशिक्षक झाल्यावर ती सवय सुटेल असं वाटलं होतं. गेल्या महिन्यात अंतिम सामना जिंकलास आणि टीव्हीवर राखाडी स्वेटर कुरवाळत रडलास. “हा बाबांचा. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतः माझ्या अंगात घातला.”

बाबांकडे स्वेटर नव्हताच. मांसाच्या कारखान्यातला कोट होता, त्याच्यासकट आम्ही त्यांना पुरलं. तू तेव्हा मेक्सिकोत गोल मारत होतास.

शेजारच्या एल्बाबाई लगेच ‘माते’चा कडू चहा प्यायला आल्या. “काय गं, तुझ्या नवऱ्याकडे स्वेटर कुठला? तो तर थंडीत छातीशी वर्तमानपत्रं खुपसायचा.”

“होता,” आई म्हणाली. “तुला दाखवायला घालत नव्हता.”

ऐंशी वर्षांच्या आईला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

शनिवारी टीव्हीवाले बाबांचं घर बघायला येणार आहेत. तू खोटा पडू नयेस म्हणून आईने तसाच आणखी एक स्वेटर विणला. बाबांकडे दोन होते, असं ती सांगणार आहे. तिला दिसत नाही. सुटलेले टाके मी उचलून दिले.

हे पत्र मी टाकणार नाही. तू ते वाचून आईला फोन करशील, आणि फोनवरही रडशील.

काल स्वेटर पुरा झाला. आईने तो चाचपून पाहिला. “फार नवा लागतोय रे हाताला.”

म्हणून आज तो घालून मी कारखान्यात कामाला निघालोय.

तुझा थोरला भाऊ,
लिबेर