लिथियमची तीन कडी

९ फेब्रुवारी
भांडी पालथी घातली होती, दूध उतू जाऊ नये म्हणून मी गॅसपाशी उभी होते, आणि ह्यांनी खिशातून तीन पितळी कडी काढून ओट्यावर ठेवली. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये लेथवर स्वतः केलेली. कुठं सांधा नाही, अगदी गोल. दूध उतू गेलंच.
आज ती जुनी सकाळ आठवली, कारण तीन कडी लागणार आहेत. भाची वर्षाराणी कसबा बावड्यात विज्ञान शिकवते. तिच्या मुलींच्या शाळेत विज्ञान दिनाला मी लिथियम-११ वर बोलणार. हे गेल्यापासून मी असलंच वाचते. अणुकेंद्राचा गाभा गच्च, आणि दोन न्यूट्रॉन लांब बाहेर, धुक्यासारखे. गाभा आणि ते दोघं, तिघांतलं एक काढलं की उरलेली दोन एकत्र राहत नाहीत. शास्त्रज्ञ हे एकमेकांत तशाच गुंतलेल्या तीन कड्यांनी दाखवतात, एक काढलं की दोन सुटी. मी ह्यांच्या कड्यांनी दाखवणार. सोपं आहे.

१४ फेब्रुवारी
सोपंच आहे. फक्त कडी गुंतवायला त्यांतली दोन कापावी लागतील. वर्षाराणी म्हणाली, मावशी, लोकरीनं कर की. लोकर! मी रिसर्च करते, स्वेटर विणत नाही.

१८ फेब्रुवारी
ह्यांचे वर्कशॉपमधले दोस्त हंबीरराव करवत घेऊन नुसते बसून राहिले. म्हणाले, वैनी, आण्णांनी सांधा ठिवला न्हाय आन् मी कापू व्हय? मी म्हटलं, विज्ञानासाठी. कापत होते तेव्हा मी बाहेर रस्त्याकडं बघत उभी राहिले. ऊन डोळ्यांत जात होतं.

२२ फेब्रुवारी
हंबीरराव म्हणतात, गोल कडी तशी बसतच न्हाईत, जरा चेपू द्या, अंड्यागत. वर्षाराणीनंही शोधून सांगितलं, पूर्ण गोल कड्यांनी हे होत नाही, गणितात सिद्ध झालंय. गणितवाल्यांनी ह्यांचं लेथकाम बघितलेलं नाही. चेपायचं नाही. मी हट्टी नाही, पण गोल ते गोल.

२६ फेब्रुवारी
झालं. हंबीररावांनी मी सांगितलं तसं गुंतवलं. काढून दाखवायला एका कड्याचा सांधा उघडता ठेवलाय. पुस्तकातल्या फोटोसारखंच दिसतं. उघडून बघायची गरज नाही. शेजारच्या चिमणाबाईंना सांगून ठेवलं, पेपरवाले येतील.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
पेपरवाले आले नाहीत. बरं झालं.
मुलींना म्हटलं, बघा, एक काढते, उरलेली दोन सुटणार. काढलं. दोन तशीच लोंबकळत राहिली. हलवली. झटकली. मागच्या बाकावरून एक ओरडली, आज्जी, ही दोघं सोडत न्हाईत की एकमेकांला! सगळा वर्ग हसला. वर्षाराणी फळा पुसायला लागली. फळा कोराच होता.
मी म्हटलं, कधी कधी असंही होतं.
होत नाही. मला माहीत होतं. पोरींना खोटं सांगितलं. आणि त्यासाठी ह्यांची कडी कापली.

१ मार्च
सकाळी उद्यमनगरला गेले. कडी हंबीररावांपुढं ठेवली. म्हटलं, चेपा.