छापखाना बंद आहे

१९ नोव्हेंबर

ती. दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आई त्याहून जास्त. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की वहिनीच ते आधी फोडणार, म्हणून थोडा खुलासा तिच्यासाठी.

वहिनी, संगणकाच्या मुळाशी कर्नेल असतो. आमच्यासारखे शेकडो लोक मेलवर भांडत भांडत तो लिहितात. मेमरीतली एकच जागा प्रोग्राम एका पत्त्याने ओळखतो आणि संगणकाला जोडलेलं कार्ड दुसऱ्याच पत्त्याने. एकाचा दुसरा करून देणारं फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, दादाने वीस वर्षांपूर्वी अकरा ओळींत लिहिलं. नव्या यंत्रांवर त्याचं उत्तर चुकतं, म्हणून आता सगळे दुसरी पद्धत वापरतात. ते ठेवायचं की काढायचं, यावर दर वर्षी वाद होतो.

आणि दर वर्षी मीच ते वाचवते. "एका छापखान्याचं जुनं यंत्र अजून यावरच चालतं," असं ठोकून देते. परवा एका नव्या मुलीने विचारलं, "ताई, त्या छापखान्याचा नंबर द्याल? मी त्यांच्या यंत्राचा ड्रायव्हर प्रोग्राम बदलून देते."

दादा, तो छापखाना सहा वर्षांपूर्वीच बंद पडलाय. मला तेव्हाच कळलं होतं.

खोटं का बोलले, ते तू ओळखलं असशील. आठ वर्षांपूर्वी मी सगळ्यांदेखत लिहिलं होतं, "हे ज्याने लिहिलंय त्याने पुन्हा कोडला हात लावू नये." वर नाव कोणाचं आहे, ते बघायची तसदीही घेतली नाही. तू खरंच पुन्हा हात लावला नाहीस, आणि माझ्याशी बोलणंही सोडलंस. मी दाखवलेली चूक खरी होती. बोलले ते मात्र फार वाईट होतं. माफी मागायचं धाडस होईना, म्हणून तुझं फंक्शन जपत बसले. माफ कर.

आज सकाळी सगळ्यांना खरं काय ते लिहून टाकलं. ती मुलगी म्हणाली, "बरं झालं, माझं काम वाचलं." बस्स, एवढंच. इतकी वर्षं मी उगाच घाबरत होते.

आता त्या अकरा ओळी मलाच काढायच्या आहेत. आधी मूळ लेखकाला विचारायची आमच्याकडे रीत आहे, आणि तुझ्या जुन्या मेलवर पाठवलेलं परत येतं. म्हणून हा कागद.

होकार असेल तर एक ओळ पुरे. नकार असेल तर मात्र फोन कर आणि हवं तेवढं बोल. कामासाठी मला होकारच हवाय. तरी पत्र पोचेल त्या दिवसापासून मी फोनजवळच असेन.

तुझी आगाऊ,
ठमी